वही कोणाच्या हातात? ब्लॉकचेन, विद्यापीठे आणि आपला नोंदींचा इतिहास

२८ डिसेंबर २०२१ रोजी आयआयटी कानपूरच्या ५४ व्या दीक्षांत समारंभात पंतप्रधानांच्या हस्ते ब्लॉकचेनवर आधारित डिजिटल पदव्या देण्यात आल्या. त्यानंतर विद्यापीठांतल्या चर्चासत्रांना एक नवा विषय मिळाला. बनावट पदव्या बंद होणार, प्रमाणपत्र हरवण्याची भीती संपणार, विद्यार्थ्याला कोणाच्याही टेबलापुढे उभे राहावे लागणार नाही, असे सांगितले जाऊ लागले. आपले अनेक तरुण हे ऐकून हरखून गेले. एक कार्यकर्ता आम्हाला म्हणाला, "सर, आता कोणी आपला कागद दाबून ठेवू शकणार नाही."

आम्हालाही ते ऐकून बरे वाटले. तंत्रज्ञानाचे आम्हाला वावडे नाही. रेल्वे, छापखाना, टपाल, रेडिओ यांतल्या कशाचाही विटाळ आपल्या चळवळीने मानला नाही. पण ब्लॉकचेन म्हणजे शेवटी काय? ती एक खातेवही आहे. आणि खातेवहीचा विषय निघाला की आपल्याला इतिहासात जावेच लागते, कारण या देशात वही लिहिणारा आणि वहीत लिहिला जाणारा हे दोघे कधीच एका पंगतीला बसलेले नाहीत.

गावगाड्यात कुलकर्ण्याचे दप्तर ही सत्ता होती. जमिनीवर कोण राबतो यापेक्षा दप्तरात कोणाचे नाव आहे याला वजन होते. जोतीराव फुल्यांनी १८६९ च्या 'ब्राह्मणाचे कसब'मध्ये आणि पुढे १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये ही लेखणीची लूट उघडी पाडली. अक्षरशून्य शेतकऱ्याने अंगठा उमटवायचा आणि वर काय लिहिले आहे ते कुलकर्ण्याने ठरवायचे, ही ती पद्धत. फुले दांपत्याने १८४८ साली पुण्यात शाळा काढली, तिचे मोल इथेही कळते. अक्षर शिकणे म्हणजे स्वतःच्या अंगठ्यावरचा मजकूर वाचता येणे.

राजर्षी शाहू महाराज एक पाऊल पुढे गेले. त्यांनी १९१८ मध्ये कोल्हापूर संस्थानात कुलकर्णी वतन बरखास्त केले आणि पगारी तलाठी नेमले. अस्पृश्य समाजातल्या तरुणांनाही त्यांनी तलाठी केले. १९०२ चे ५० टक्के आरक्षण सर्वांना ठाऊक असते, १९१८ च्या या हुकुमाची आठवण मात्र फारशी निघत नाही. आमच्या मते तो तितकाच क्रांतिकारक आहे. महाराजांनी कुलकर्ण्याला अधिक चांगला कागद किंवा अधिक पक्की शाई दिली नाही. त्यांनी वही धरणारा हात बदलला.

आता शाळेच्या वहीकडे येऊ. जून १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला आणि तो नाकारला गेला. मुंबई सरकारने २१ जुलै १८५६ च्या ठरावात जे म्हटले त्याचा आशय असा की न्याय मुलाच्या बाजूने आहे, पण त्या एकट्याला घेतले तर बाकीच्यांसाठी शाळा निरुपयोगी होईल. हे प्रकरण आज आपल्याला कसे माहीत? २९ मे १९२८ रोजी बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने सायमन कमिशनला मुंबई इलाख्यातील अस्पृश्यांच्या शिक्षणाविषयी जे निवेदन दिले, त्यात त्यांनी ते पुराव्यानिशी मांडले आहे. त्यासाठी त्यांनी सरकारचेच अहवाल, सरकारचेच ठराव आणि हंटर कमिशनच्या काळातले आकडे काढले. १८८१-८२ साली इलाख्यातल्या हायस्कुलांत आणि महाविद्यालयांत एकही अस्पृश्य विद्यार्थी नव्हता, हे त्यांनी सरकारच्याच तक्त्यातून दाखवून दिले. मुंबई विद्यापीठ स्थापन होऊन तेव्हा २५ वर्षे होत आली होती.

तरुण मित्रांनो, या ठिकाणी जरा थांबा. त्या तक्त्यातले ते शून्य जर कोणी सोयीने खोडले असते, तर बाबासाहेबांच्या हाती काय उरले असते? अन्यायाची नोंद टिकली म्हणून अन्याय सिद्ध करता आला. 'एकदा लिहिलेले पुसता येणार नाही' हा ब्लॉकचेनचा जो गुण सांगतात, त्याची किंमत आपल्याला दुसऱ्या कोणी समजावण्याची गरज नाही.

आणखी एक प्रसंग. १९१७ मध्ये बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि बाबासाहेबांना लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले. त्यांचे सामान आणि पुस्तके वेगळ्या जहाजाने निघाली होती. महायुद्ध चालू होते. ते जहाज टॉर्पेडोला बळी पडले आणि सारे समुद्रात गेले. ज्या माणसाने पोटाला चिमटा काढून पुस्तके जमवली त्याचा तो ठेवा एकाच जागी होता, म्हणून एकाच आघातात गेला. बाबासाहेबांच्या निधनानंतर त्यांची हस्तलिखितेही वर्षानुवर्षे न्यायालयीन ताब्यात पेट्यांमध्ये पडून होती. महाराष्ट्र शासनाने लेखन व भाषणांचा पहिला खंड काढला तो १९७९ साली, आणि 'रिडल्स' छापून यायला १९८७ उजाडले. पुढे २०२१ मध्ये खंडांची छपाई रखडल्याच्या बातमीवरून मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. एकच प्रत, एकच कपाट आणि त्याची किल्ली दुसऱ्याच्या कमरेला, असा आपल्या वाङ्मयाचा इतिहास आहे.

या पार्श्वभूमीवर ब्लॉकचेनची मूळ कल्पना पाहू. ती बिटकॉइनच्या आधीची आहे. १९९१ मध्ये स्टुअर्ट हेबर आणि स्कॉट स्टॉर्नेटा या दोन संशोधकांपुढे एक साधा प्रश्न होता. एखादा संगणकीय दस्तऐवज अमुक दिवशी अस्तित्वात होता आणि नंतर त्यात फेरफार झालेला नाही, हे कसे सिद्ध करायचे? त्यांनी दस्तऐवजाचा एक गणिती ठसा काढला. त्याला हॅश म्हणतात. मजकुरात एक स्वल्पविराम बदलला तरी ठसा पार बदलतो. असे ठसे एकमेकांत साखळीसारखे गुंफले, तर मधलीच कडी कोणाला गुपचूप बदलता येत नाही. पुढे १९९५ पासून अशा ठशांचा सारांश 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये जाहिरातीसारखा छापला जाऊ लागला, कारण छापून घरोघर गेलेला अंक कोण परत गोळा करणार? २००८ मध्ये सातोशी नाकामोतो या टोपणनावाने जो बिटकॉइनचा निबंध आला, त्यात या दोघांच्या कामाचे ऋण मान्य केले आहे. वर्तमानपत्राच्या जागी हजारो संगणक आले, एवढा फरक झाला. प्रत्येकाजवळ वहीची प्रत आणि प्रत्येकाची नजर.

शिक्षणात हे तंत्र लवकरच आले. सायप्रसच्या निकोसिया विद्यापीठाने २०१४ मध्ये एका अभ्यासक्रमाच्या प्रमाणपत्रांचे ठसे बिटकॉइनच्या साखळीवर ठेवले. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीने १११ पदवीधरांना मोबाइलमध्ये ठेवता येईल अशी पदवी देऊ केली. विद्यापीठ बंद पडले, कार्यालय जळाले, कारकून रजेवर गेला, तरी विद्यार्थी आपली पदवी खरी असल्याचे जगाला दाखवू शकतो. निर्वासिताला, स्थलांतरिताला, परदेशी शिकायला निघालेल्या आपल्या मुलीला याचा उपयोग आहे. तो आम्ही नाकारत नाही.

पण हे यंत्र सिद्ध काय करते? नोंद झाल्यानंतर ती बदललेली नाही, एवढेच. मुळात लिहिले ते खरे होते की खोटे, हे त्याला कळत नाही. कुलकर्ण्याने पहिल्याच दिवशी खोटे लिहिले असते, तर ब्लॉकचेनने ते खोटे अजरामर केले असते.

हे कल्पनेतले उदाहरण वाटत असेल, तर महाराष्ट्रातलेच एक पाहा. मार्च २०२२ मध्ये गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्ली भागात सुमारे ६५ हजार जातीचे दाखले पॉलिगॉन नावाच्या ब्लॉकचेनशी जोडण्याचा उपक्रम जाहीर झाला. दाखल्यावर क्यूआर कोड, तो तपासला की दाखला खरा की बनावट ते कळणार. माडिया गोंड आदिवासींच्या मुलखात दाखल्यासाठी किती पायपीट असते हे ज्याने पाहिले आहे तो या उपक्रमाला नाक मुरडणार नाही. बनावट दाखल्यांनी आपल्या हक्काच्या जागा लाटल्या गेल्या, हेही खरे. जुलै २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला जगदीश बहिरा प्रकरणात स्पष्ट सांगावे लागले की खोट्या जातदाव्यावर मिळवलेली नोकरी वा प्रवेश टिकणार नाही. मात्र या बोगसगिरीचा एक मोठा मार्ग कोणता होता? छापखान्यात खोटा कागद छापणारे थोडे. खोटे पुरावे जोडून सरकारी कचेरीतूनच खरा शिक्का मिळवणारे पुष्कळ. त्यांचा दाखला ब्लॉकचेनवर गेला असता तर क्यूआर कोडने 'खरा आहे' असेच उत्तर दिले असते.

खऱ्या माणसाची स्थिती याच्या उलट. कुमारी माधुरी पाटील खटल्यात १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पडताळणीची पद्धत घालून दिली, नंतर महाराष्ट्राने त्यावर कायदा केला. त्या कायद्यात सिद्ध करण्याचा भार अर्जदारावर आहे. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याने १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा आणायचा. आजोबा-पणजोबांच्या शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर, कोतवाल बुकाची नक्कल, नाहीतर आणखी काही. जे शाळेतच गेले नाहीत त्यांच्या नातवाने शाळेचा पुरावा कुठून आणायचा, हा प्रश्न विचारला की समोरचा माणूस चष्मा पुसायला लागतो. १८८१-८२ च्या तक्त्यातले शून्य असे आजच्या मुलाच्या अर्जाला येऊन भिडते.

दर जूनमध्ये आम्ही वस्तीतल्या विहारात प्रवेश मार्गदर्शनाचे टेबल लावतो. येणाऱ्यांपैकी बहुतेकांचे रडगाणे कागद बनावट असल्याचे नसते. कागद मिळत नाही, किंवा दोन कागद एकमेकांशी जुळत नाहीत, हे असते. 'गायकवाड' आडनाव दहावीच्या गुणपत्रिकेवर इंग्रजीत एका तऱ्हेने आणि आधारवर दुसऱ्या तऱ्हेने. आईचे नाव एकीकडे माहेरचे, दुसरीकडे सासरचे. जुना कारकून निदान चहा पिता पिता समजून घ्यायचा (कधी चहाचे पैसे घेऊन), संगणक ते ऐकत नाही. एका अक्षराने ठसा बदलतो हा ज्या यंत्राचा अभिमान, त्या यंत्रापुढे आपल्या समाजाची कागदपत्रे उभी करायची, तर आधी ती कागदपत्रे कोणी आणि कशी लिहिली हे पाहावे लागेल.

आणि बदलाचे काय? आपली चळवळ हाच मुळी लिहिलेले बदलण्याचा इतिहास आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला लाखो लोकांनी जन्माने चिकटवलेली ओळख टाकली. शाळेच्या दाखल्यावर 'बौद्ध' लिहावे की पूर्वीची जात, यावरून पुढच्या पिढ्यांनी किती खेटे घातले! केंद्रात अनुसूचित जातींच्या आदेशात बौद्धांचा समावेश व्हायला १९९० उजाडले. म्हणजे १९५६ ते १९९० या ३४ वर्षांत नोंदीत 'बौद्ध' लिहिणे हा स्वाभिमान होता आणि केंद्राच्या सवलतींवर पाणी सोडणेही होते. नामांतराचे तर बोलायलाच नको. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाने ठराव केला, दलित वस्त्या जळाल्या, माणसे मारली गेली, आणि १४ जानेवारी १९९४ ला मराठवाडा विद्यापीठाच्या नावात बाबासाहेबांचे नाव आले. ते नामविस्ताराच्या रूपाने आले, तरी आले. पदवीच्या कागदावरची एक ओळ बदलायला १६ वर्षे लागली आणि त्यासाठी रक्त सांडले.

तंत्रज्ञ सांगतील की ब्लॉकचेनवरही बदल करता येतो. जुनी नोंद खोडली जात नाही, ती रद्द ठरवून नवी तिच्यापुढे जोडली जाते. बहुतेक ठिकाणी साखळीवर फक्त ठसा असतो, माहिती वेगळीकडे असते, हेही आम्हाला ठाऊक आहे. ठीक. पण नवी नोंद जोडण्याची डिजिटल किल्ली कोणाकडे? त्याच कचेरीकडे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने माहिती दुरुस्त करून घेण्याचा हक्क दिला आहे. तो हक्क विद्यार्थी बजावणार कोणापुढे, किती दिवसांत, आणि नाही ऐकले तर काय, याचे उत्तर हॅशमध्ये सापडत नाही.

इथे आपल्यातल्याच काही मित्रांशी आमचा मतभेद आहे. ते म्हणतात, हे सारे सवर्णांचे, कंपन्यांचे खेळणे आहे, आपण लांब राहावे. आम्हाला हे पटत नाही. इंग्रजीबद्दलही असेच म्हणता आले असते. लांब राहिलो की वही पुन्हा दुसऱ्याच्या हाती जाते. प्रश्न वेगळ्या टोकाने विचारायला हवा. ही न पुसता येणारी वही विद्यार्थ्यावरच का लावता? ती सरकारवर का लावत नाही?

शिष्यवृत्तीचे पाहा. २९ ऑक्टोबर १९४२ रोजी बाबासाहेबांनी व्हाइसरॉयना अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन दिले. त्यातून उच्च शिक्षणासाठी दरसाल ३ लाख रुपयांची तरतूद झाली आणि १९४४ मध्ये मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. आपल्या हजारो घरांतला पहिला पदवीधर या शिष्यवृत्तीतून आला. आज ती पोर्टलवर आहे. अर्ज ऑनलाइन, मंजुरी ऑनलाइन, पैसे थेट खात्यात. तरीही मुलगी द्वितीय वर्षाला जाते आणि प्रथम वर्षाचा हप्ता आलेला नसतो. पोर्टलवर 'प्रलंबित' हा एक शब्द दिसतो. कोणाच्या टेबलावर प्रलंबित, किती दिवस, कशासाठी, हे तिला दिसत नाही. तिकडे महाविद्यालय फी मागते, मूळ कागदपत्रे अडकवून ठेवते. यूजीसीने ऑक्टोबर २०१८ मध्ये मूळ प्रमाणपत्रे अडकवू नयेत असे बजावले, तरी हे चालते. रोहित वेमुला १७ जानेवारी २०१६ ला गेला. त्याच्या शेवटच्या पत्रात सात महिन्यांच्या थकीत फेलोशिपचा उल्लेख आहे. तो उल्लेख वाचून जो अस्वस्थ होत नाही, त्याने विद्यार्थ्यांसाठी कोणत्याही तंत्रज्ञानाची भाषणे करू नयेत.

या ठिकाणी ब्लॉकचेन आणा, आम्ही स्वागत करू. अर्ज कोणत्या दिवशी, किती वाजता आला, कोणाच्या लॉगिनला किती दिवस थांबला, त्रुटी कोणी काढली, पैसे तिजोरीतून कधी निघाले, याची न पुसता येणारी नोंद ठेवा आणि ती विद्यार्थ्याला उघडी करा. महाराष्ट्रात २०१५ पासून लोकसेवा हक्क कायदा आहे. ठरल्या मुदतीत सेवा मिळाली नाही तर अपील करता येते. त्या अपिलाला असा पुरावा जोडता आला तर कायद्याला दात येतील. यात अवघड असे तंत्र काही नाही. अवघड आहे ती दुसरी गोष्ट, कारण यात पहिल्यांदाच कारकुनाच्या आणि सचिवाच्या अंगठ्याचा ठसा घेतला जाईल.

राहिला प्रत्यक्ष शिकण्याचा मुद्दा. यूजीसीच्या २०२१ च्या नियमांनी अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स आली. विद्यार्थ्याने मिळवलेली श्रेयांके खात्यात जमा राहतात, एका वर्षानंतर शिक्षण सोडले तर प्रमाणपत्र, दोन वर्षांनी पदविका, आणि ठरल्या मुदतीत परत येता येते. ही कल्पना वाईट नाही. काम करून शिकणाऱ्याला तिचा फायदा होईल. पण आमच्या वस्तीतली मुले शिक्षण सोडतात ती श्रेयांक साठवायला जागा नव्हती म्हणून नव्हे. घरी पैसा नसतो, वसतिगृह मिळत नाही, बहिणीचे लग्न निघते. जायचा दरवाजा रुंद झाला आणि त्यावर सुंदर नोंदही झाली, परत यायचे भाडे मात्र कोणी देत नाही.

बाबासाहेबांनी ८ जुलै १९४५ ला पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली आणि २० जून १९४६ ला मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले. तिथे वर्ग सकाळी भरत, म्हणजे नोकरी करणाऱ्या तरुणाला वर्ग आटोपून कामावर जाता येई. १९५० मध्ये औरंगाबादला महाविद्यालय आले तेव्हा खेड्यांतल्या मुलांसाठी वसतिगृहाचा विचार झाला. विद्यार्थ्याचे आयुष्य आधी पाहायचे आणि मग घड्याळ लावायचे, अशी ती रीत. आज स्वयम् आहे, एनपीटीईएल आहे, बाबासाहेबांचे खंड फोनवर फुकट वाचता येतात. १९१३ साली कोलंबियाच्या ग्रंथालयात बसण्यासाठी समुद्र ओलांडावा लागला होता, हे आठवले की आजच्या सोयीचे मोल कळते. पण राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५ व्या फेरीत, २०१७-१८ साली, ग्रामीण भागातल्या फक्त सुमारे ४ टक्के कुटुंबांत संगणक होता आणि १५ टक्के कुटुंबांत इंटरनेट. टाळेबंदीत आपल्या पोरांनी झाडावर, टेकडीवर चढून वर्ग केले. त्यानंतर फोन वाढले, हे खरे. एका फोनवर तीन भावंडांचा अभ्यास अजूनही चालतो.

म्हणून आपल्या संघटनांनी कामाची सुरुवात पदवीच्या क्यूआर कोडपासून करू नये. जुन्या शाळांच्या रजिस्टरांपासून करावी. जिल्हा परिषदेच्या शाळांत, तहसील कचेऱ्यांच्या अभिलेख कक्षांत १९५० पूर्वीची रजिस्टरे वाळवी खात आहे. त्यातल्या प्रत्येक पानावर कोणाच्या तरी नातीची वैधता अवलंबून आहे. ज्या जातीचे नाव आपण झुगारले, तेच नाव त्या पानावर शाबूत राहणे आज तिच्या प्रवेशासाठी लागते, हा विरोधाभास कडू आहे, पण आहे. ही पाने शासनाने स्कॅन करावीत, त्यांचे ठसे कोणालाही तपासता येतील असे ठेवावेत, प्रती अनेक ठिकाणी असाव्यात, आणि नातीला स्वतःच्या आजोबांची नोंद शोधण्यासाठी कोणापुढे हात जोडावे लागू नयेत. मात्र जातीची माहिती रस्त्यावर उघडी पडता कामा नये. घरमालकाने किंवा वर्गमित्राने फोन पुढे करून एखाद्याची जात तपासावी, अशी सोय आम्हाला नको.

गेल्या वर्षी आमच्या टेबलावर एक मुलगा आला. नर्सिंगला नंबर लागला होता, वैधता नव्हती, मुदत १२ दिवसांची. आजोबा चौथीपर्यंत शिकले होते एवढेच घरात माहीत. आमचे दोन कार्यकर्ते मोटारसायकलने त्याच्या मूळ गावी गेले. मुख्याध्यापिका भल्या बाई, त्यांनी स्वतः कपाट उघडून दिले. तिसऱ्या रजिस्टरात १९४१ सालची नोंद सापडली. शाई उडालेली, कोपरा खाल्लेला, नाव मात्र वाचता येत होते. बाईंनी सही-शिक्क्याची नक्कल दिली. पोरांनी त्या पानाचेच नव्हे, पूर्ण रजिस्टराचे फोटो काढले आणि तीन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवले. त्या गावातल्या आणखी चार घरांची नावे त्यात निघाली आहेत. त्यांना आम्ही कळवले आहे.